मदत हवी आहे: टेरिजियमच्या ऑपरेशननंतर डोळ्याचा पांढरा भाग झिजतोय

नमस्कार मंडळी. आईच्या डोळ्यात नाकाच्या बाजूने मांस वाढून बुबुळावर आलं होतं. ते काढलं, पुन्हा वाढू नये म्हणून मायटोमायसिन हे औषध लावलं, पण वर ग्राफ्ट (ऊतीचं ठिगळ) न बसवता जागा उघडीच ठेवली. ती जखम आता भरतच नाहीये. पापणी उचलली की मधोमध खडूसारखा पांढराफटक डाग दिसतो, त्यात एकही रक्तवाहिनी नाही, आणि कडेला निळसर झाक. निळसर म्हणजे पांढरा थर इतका पातळ झालाय की आतला थर दिसतोय. निदान आहे स्क्लेरल नेक्रोसिस, म्हणजे डोळ्याचा पांढरा थर (स्क्लेरा) मरत जाणं.

खरा पेच स्टेरॉइडचा आहे. जंतुसंसर्ग असेल तर स्टेरॉइडने तो बिघडेल. आणि शरीराची प्रतिकारशक्तीच उलटली असेल तर स्टेरॉइडशिवाय भागत नाही. म्हणून कल्चर (जंतू आहेत का ते पाहणारी तपासणी) आणि प्रतिकारशक्तीचा आजार शोधायला संधिवाताच्या रक्ततपासण्या पाठवल्यात. तोवर अँटिबायोटिक आणि प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले थेंब चालू आहेत. रात्री ठणका फार असतो.

पुढे दात्याच्या स्क्लेराचं ठिगळ लावायचं म्हणतात. पण खालच्या जागेला रक्तपुरवठा नसेल तर नुसतं ठिगळही विरघळू शकतं ना? त्यावर शेजारची कंजंक्टायव्हा (पांढऱ्या भागावरचा पातळ पारदर्शक पडदा) ओढून झाकतात की गर्भावरणाचा पडदा पुरतो? कुणाच्या घरी असं झालं असेल तर काय केलं, ठिगळ टिकलं का? कॉर्नियाच्या (बुबुळावरच्या पारदर्शक थराच्या) डॉक्टरांसोबत संधिवाततज्ज्ञांनाही आत्ताच दाखवावं, की रिपोर्टची वाट पाहावी?