सिकलसेल रुग्णाची ‘खात्री’ मोजून काय साधणार?

गोदाकाठ : ‘सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) असलेल्या मुलांचा स्वतःवरचा विश्वास कमी पडतो, म्हणून आधी त्यांचे समुपदेशन करा’ हे इथले कालचे लेखन वाचून राहवले नाही. त्यात आधार घेतलेली सेल्फ-इफिकसी मापनश्रेणी (आजार सांभाळणे आपल्याला जमेल, याची रुग्णाला वाटणारी खात्री मोजणारी प्रश्नावली) २००० साली अमेरिकेतील प्रौढ रुग्णांसाठी प्रसिद्ध झाली. तिच्यात ९ प्रश्न, प्रत्येकी १ ते ५ गुण. वेदना उठल्यावर ती कमी करण्यासाठी आपल्याला काही करता येईल, दुखण्याने झोप मोडणार नाही, याची किती खात्री वाटते, असे ते प्रश्न आहेत. पेठ तालुक्यातील मुलीने ‘मुळीच नाही’ असे उत्तर दिले, तर तिचे मन खचले आहे की रात्री दवाखान्यात जायला गाडी नाही, हे त्या आकड्यावरून कसे कळणार?

समुपदेशक_नाशिकरोड : ते लेखन माझेच आहे. मानसशास्त्रज्ञ बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलेली सेल्फ-इफिकसी म्हणजे सर्वसाधारण आत्मविश्वास नव्हे. ठरावीक परिस्थितीत ठरावीक गोष्ट आपल्याला जमेल का, एवढाच तो प्रश्न असतो. केसपेपरवर हिमोग्लोबिन लिहिले जाते, वेदनेचे झटके कमी करणाऱ्या हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या लिहिल्या जातात. पण ‘गोळ्या घेऊन काय होणार’ असे म्हणून त्या सोडून देणाऱ्या रुग्णाची नोंद कुठेच होत नाही. ती घ्यायची नाही का?

सुरगाणेकर : माझा धाकटा भाऊ एसएस आहे, म्हणजे नुसता वाहक नव्हे, तर आईवडील दोघांकडून सिकलसेलचे जनुक आलेला रुग्ण. आश्रमशाळेत असताना डिसेंबरातही त्याला पहाटे थंड पाण्याने आंघोळ करावी लागे. गारठ्याने रक्तवाहिन्या आकसतात, विळ्यासारख्या झालेल्या पेशी अडकतात आणि हाडे ठणकू लागतात, हे आम्हाला डॉक्टरांनी सांगितले होते; वसतिगृहात मात्र त्याला कामचुकार ठरवले गेले. त्याची खात्री मोजण्याआधी पाणी तापवा.

जुना_गुरुजी : प्रत्येक चर्चेत आश्रमशाळांनाच झोडपायचे, हे आता पुरे झाले. मी अशा शाळेत नोकरी केली आहे. पाणी तापवायचे सौर यंत्र बंद पडले की दुरुस्तीच्या अर्जाला महिनोन्‌महिने उत्तर येत नसे, आणि कोणत्या मुलाला सिकलसेल आहे हे पालक आम्हाला सांगत नसत.

सुरगाणेकर : पालक का सांगत नाहीत, हे तुम्ही कधी विचारलेत का? आजाराचा बोभाटा झाला की मुलीचे लग्न अडते, या भीतीने घरे गप्प बसतात. तपासणीचा अहवाल शाळेपर्यंत गुप्तपणे पोहोचवणे ही यंत्रणेची जबाबदारी आहे, आईबापांची नव्हे.

जुना_गुरुजी : अहवालाबाबतचे तुमचे म्हणणे नाइलाजाने मान्य करतो. कामचुकार म्हणणाऱ्यांत मला मात्र धरू नका.

समुपदेशक_नाशिकरोड : चर्चा पाण्यावरच अडकली असली, तरी एवढे मला मानावे लागेल की नुसते गुण नोंदवले, तर कमी गुणांचा दोष रुग्णाच्या माथी बसतो. त्यामुळे प्रत्येक उत्तराशेजारी गरम पाणी, रात्रीचे वाहन आणि गोळ्यांचा पुरवठा यांची नोंद असावी. प्रश्नावली रद्द करा, हे मात्र मला पटलेले नाही.

गोदाकाठ : रद्द करा असे मी म्हटलेलेच नाही. या नोंदी असतील आणि मुलांसाठी प्रश्न आधी पडताळून घेतले जातील, तर माझा विरोध नाही. समुपदेशन ‘आधी’ करा, याला मात्र आहे.