ऑफिस सॉफ्टवेअर क्लाउडवर पुरवताना मुक्तस्रोत परवाना कुठे आडवा येतो?

प्रश्न
मासिक शुल्क घेऊन ब्राउझरमध्ये चालणारी ऑफिस सेवा देण्याचा आमचा विचार आहे. कोलॅबोरा ऑनलाइन आणि ओन्लीऑफिस हे दोन पर्याय पुढे आहेत. आम्ही ग्राहकाला सॉफ्टवेअर देतच नाही, ते आमच्याच सर्व्हरवर चालते. मग त्यात केलेले बदल उघड करण्याचे बंधन आमच्यावर येते का? शुल्क आकारणीचा भाग आम्ही स्वतंत्रपणे लिहिला असून तो आम्हाला उघड करायचा नाही.

पहिले उत्तर
शुल्क घेण्याला या दोन्ही सॉफ्टवेअरच्या परवान्यांची हरकत नाही. मात्र "आम्ही सॉफ्टवेअर देतच नाही" हा आधार जीपीएल (प्रोग्राम इतरांना दिला तर त्याचा सोर्स कोडही द्यायला लावणारा मुक्तस्रोत परवाना) याच्यापुरता बराचसा चालतो, एजीपीएल (नेटवर्कवरील सेवांनाही लागू होणारे त्याचे रूप) याच्यापुढे चालत नाही. नेमकी हीच पळवाट बुजवण्यासाठी २००७ साली आलेल्या एजीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीत कलम १३ आहे. आपण प्रोग्राममध्ये बदल केला आणि लोक तो नेटवर्कवरून वापरत असले, तर त्या वापरकर्त्यांना बदललेल्या आवृत्तीचा संपूर्ण सोर्स कोड विनामूल्य मिळण्याची सोय ठळकपणे करून द्यावी लागते. ओन्लीऑफिसची सामुदायिक आवृत्ती याच परवान्याखाली येते.

दुसरे उत्तर
यात एक बाब जोडणे मला अत्यावश्यक वाटते, कारण ती वारंवार नजरेआड होते. संपादकाचा मोठा भाग जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेला असतो आणि वापरकर्त्याने दस्तऐवज उघडताच तो त्याच्या ब्राउझरमध्ये उतरतो. म्हणजे तेवढ्या भागाचे वितरण प्रत्यक्ष होतच असते. कोलॅबोरा ऑनलाइनचा कोड मुख्यतः एमपीएल २.० (मोझिला पब्लिक लायसन्स) खाली आहे. हा परवाना फाइलपुरता मर्यादित असल्यामुळे सर्व्हरवरच राहणाऱ्या फाइलींतील बदल उघड करण्याची सक्ती तो करत नाही. परंतु टूलबारची एखादी जावास्क्रिप्ट फाइल आपण बदलली आणि ती आकसलेल्या (मोकळ्या जागा व नावे छाटून लहान केलेल्या, वाचायला अवघड) रूपात ग्राहकाकडे गेली, तर त्या फाइलीचा वाचनीय सोर्स कोड कुठे मिळेल हे त्याला कळवणे आपले कर्तव्य ठरते. उद्या एखाद्या ग्राहकाने स्वतःच्या यंत्रावर बसवण्यासाठी संपूर्ण कंटेनर (सर्व्हरचे सॉफ्टवेअर असलेला तयार संच) मागितला आणि आपण तो दिला, तर सर्व्हरच्या फाइलींनाही हाच नियम लागू होईल.

शुल्क आकारणीच्या प्रोग्रामविषयी माझे मत असे, की तो स्वतंत्र प्रक्रिया म्हणून चालत असेल आणि संपादकाशी केवळ वॉपीसारख्या (ऑनलाइन संपादक आणि फाइल साठवणारा सर्व्हर यांच्यातील देवाणघेवाणीच्या) ठरलेल्या प्रोटोकॉलने बोलत असेल, तर तो सामान्यतः वेगळा प्रोग्राम मानला जातो. तोच कोड संपादकाच्या आत जोडला, तर एजीपीएलखाली तो वेगळा म्हणता येणार नाही. ही सीमारेषा रचना ठरवतानाच आखावी आणि करार करण्यापूर्वी वकिलाला दाखवावी.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. सेवा आमच्या नावाने, आमचा लोगो लावून देता येईल का?

तिसरे उत्तर
कोडचा परवाना आणि व्यापारचिन्हाचा हक्क यांची गल्लत करू नये. एमपीएल २.० व्यापारचिन्हाचे हक्क देत नाही. कोलॅबोरा ऑनलाइन ज्या लिबरऑफिसवर आधारलेले आहे, ते नाव द डॉक्युमेंट फाउंडेशनचे आहे आणि त्याच्या वापराचे नियम ती संस्था ठरवते. ओन्लीऑफिसच्या बाबतीत अडचण अधिक आहे. तिथे एजीपीएलच्या कलम ७ चा आधार घेऊन वितरणात मूळ लोगो राखण्याची अट घातलेली आहे आणि त्याच वेळी व्यापारचिन्हाचे हक्क देत नसल्याचेही नमूद केले आहे. आपल्याला स्वतःच्या नावाचीच सेवा हवी असेल, तर त्या कंपनीकडून व्यावसायिक परवाना घेण्याचा मार्ग मला सरळ वाटतो.

फाँटही तपासावेत. मायक्रोसॉफ्टचा कॅलिब्री हा फाँट सर्व्हरवर नुसता उचलून ठेवता येत नाही. त्याच मापाचा कार्लिटो मुक्त परवान्याखाली मिळतो, त्यामुळे ओळी आणि पाने सहसा सरकत नाहीत.

दुसरे उत्तर देणारे
आणखी एक व्यावहारिक सूचना. सोर्स कोडचा दुवा "विषयी" या खिडकीत ठेवावा आणि तो प्रत्यक्ष चालू असलेल्या आवृत्तीचाच असावा. सर्व्हरवर नवी दुरुस्ती चढली आणि दुव्यावर जुनाच कोड राहिला, तर एजीपीएलची अट पूर्ण होत नाही. म्हणून प्रत्येक आवृत्ती सर्व्हरवर चढवणाऱ्या स्क्रिप्टमध्येच तो दुवा बदलण्याची पायरी घालावी.