चित्रं काढून मन खरंच हलकं होतं का?

प्रश्न: रात्री डोकं शांतच होत नाही, त्याच त्या विचारांचं दळण चालू. कोणीतरी म्हणालं चित्रं काढ, पण मला साधा माणूस काढता येत नाही हो, मग उपयोग काय?

प्रतिसाद १: येण्या-न येण्याचा संबंधच नाही. २०१६ मध्ये अमेरिकेत ड्रेक्सेल विद्यापीठाच्या अभ्यासात ३९ जणांना ४५ मिनिटं माती, मार्कर, कोलाज काय हवं ते करू दिलं, तर साधारण ७५ टक्के लोकांचं कॉर्टिसॉल म्हणजे ताणाचं हार्मोन कमी झालं, आणि आधी कला केलेली असण्या-नसण्याने फारसा फरक पडला नाही.

प्रतिसाद २: मी राग आला की मेणाच्या खडूने कागदभर नुसत्या रेघोट्या ओढते, कधीकधी खडूच तुटतो, मग वरून वॉटरकलर फिरवते, रेघांवर रंग चढतच नाही, बाजूने ओघळतो, ते बघत बसायला जाम भारी वाटतं. फक्त इन्स्टावर टाकू नका, लाइक मोजायला लागलात की बोंबललं सगळं 😄

प्रतिसाद ३: घरी रंगवणं वेगळं आणि आर्ट थेरपी वेगळी बरं का, तिथे ट्रेनिंग घेतलेला थेरपिस्ट सोबत असतो. झोप आठवडेच्या आठवडे उडाली असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, चित्रं काय, सोबत चालू ठेवा की.