देवाचे टाक आणि गौरीचा मुखवटा काळे पडलेत, घरच्या घरी कसे उजळावेत?

नमस्कार मंडळी. आम्ही शिवाजी पेठेतले. गौरी-गणपती तोंडावर आलेत, पाठोपाठ नवरात्र. पावसाळाभर बंद असलेला देवांचा डबा उघडला तर सगळी चांदी काळपट. गौरीचा मुखवटा गालांवर तपकिरी आणि कानांपाशी पार काळा झालाय. निरांजन आणि करंडा तसेच. सासूबाईंचे पोकळ तोडे आहेत, त्यात लाख भरलेली आहे. आणि मुख्य म्हणजे तीन टाक : ज्योतिबा, अंबाबाई, खंडोबा.

खरी काळजी टाकांची. खंडोबाच्या घोड्याचा लगाम आता बोटालाच कळतो, डोळ्याला दिसत नाही. मागं बसलेल्या म्हाळसेचं नाक गुळगुळीत झालंय. कित्येक वर्षं रांगोळीनं, त्याआधी राखेनं घासून ही गत झाली आहे. सासूबाई म्हणतात रांगोळीच बरी, जाऊबाई म्हणतात टूथपेस्ट. मला दोन्हीची भीती वाटते. गुजरीत सराफाकडं उजळायला देता येतील, पण घरचे देव चार दिवस बाहेर ठेवायला सासूबाईंचं मन घेत नाही, आणि त्यांचं मला पटतं.

फॉइल आणि खायच्या सोड्याचा उपाय ऐकलाय. तो टाकांना चालेल का? लाखेच्या तोड्यांना? कुणी स्वतः केलं असेल त्यांनीच सांगा, प्लीज.

प्रतिसाद – हुपरीकर

ताई, आमच्या घरात चांदीचंच काम, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चांदीवरचा काळा थर म्हणजे मळ नव्हे. हवेतल्या गंधकाशी चांदीचा संयोग होऊन तो थर तयार होतो. म्हणजे त्या थरातही तुमचीच चांदी आहे. रांगोळीनं घासलं की थर निघतो, सोबत ती चांदीही जाते. शिवाय रांगोळी ही दगडाची पूड आणि चांदी मऊ धातू, त्यामुळं खालची नक्षीही झिजते. राख, भांड्यांची पावडर, टूथपेस्ट, सगळ्यांचं तेच. म्हाळसेचं नाक तिथंच गेलं.

फॉइलमध्ये उलटं घडतं. ॲल्युमिनियम गंधक ओढून घेतं आणि चांदी जागेवरच राहते. मुखवटा आणि करंड्याला हाच उपाय करा. आधी कोमट पाण्यात रिठा कुस्करून कुंकू, हळद, तुपाचा ओशटपणा पूर्ण काढा. तूप राहिलं तर तिथला काळेपणा हलत नाही, निरांजनाला तर हे हमखास होतं. मग स्टीलच्या पातेल्याला आतून चपात्या गुंडाळायची फॉइल लावा, लिटरभर कडकडीत पाणी, दोन मोठे चमचे खायचा सोडा, चमचाभर मीठ. वस्तू फॉइलला टेकलीच पाहिजे, नुसती पाण्यात तरंगून उपयोग नाही. सडक्या अंड्यासारखा वास येईल, घाबरू नका, तो गंधकाचाच. खिडकी उघडी ठेवा. पाच-दहा मिनिटांत काढून साध्या पाण्यानं धुवा आणि जुन्या सुती धोतराच्या कापडानं लगेच कोरडं करा.

तोडे मात्र गरम पाण्यात अजिबात नकोत. लाख मऊ पडते आणि तोडा चेपतो. वरून ओल्या कापडानं पुसायचे, बस्स.

टाकांबद्दल माझं मत वेगळं आहे. पुष्कळ टाकांना मागून तांब्याचा पत्रा असतो. दोन पत्र्यांमध्ये पाणी शिरलं तर लवकर सुकत नाही. दुसरं, खोबणीतला काळेपणा फॉइल सरसकट काढते. पण झिजलेल्या टाकावर चेहरा उठून दिसतो तो त्याच काळ्या रेषांमुळं. तो गेला तर देव आणखी सपाट दिसतील. त्यामुळं टाक फक्त रिठ्याच्या कोमट पाण्यानं, लहान बाळाच्या मऊ ब्रशनं, अलगद. वरचा भाग उजळेल, खोबण काळी राहील. राहू दे.

प्रतिसाद – राजारामपुरी

रिठ्याला माझंही मत. आमच्याकडं वाळे, पैंजण त्यानंच धुतात. चिंच-लिंबू तांब्या-पितळेला ठीक, चांदीला नको. आणि ठेवताना रबर लावू नका, लोकरीच्या कापडात गुंडाळू नका, दोन्हीत गंधक असतं. मऊ सुती कापड, वर झिपची पिशवी, आत खडूचा तुकडा. खडू ओल धरतो.

धागाकर्ती

दादा, ताई, मनापासून आभार. चांदी थरात असते हे सासूबाईंना वाचून दाखवलं, त्यांनी रांगोळीचा डबा स्वतः उचलून ठेवला. एकच शंका : मागं तांबं आहे हे कसं ओळखायचं? टाकाची मागची बाजूही काळीच आहे.

हुपरीकर

कडेला बघा ताई, उजेडात तिरपं धरून. तांबं असेल तर कडेला लालसर रेघ दिसते, कधी हिरवट डागही असतो. तो हिरवा डाग फॉइलनं जात नाही, ते तांब्याचं काम. कापसाला किंचित लिंबू लावून फक्त तेवढ्याच जागी टिपायचं आणि लगेच धुवायचं. चांदीकडं जाऊ द्यायचं नाही.

धागाकर्ती

पाहिलं. ज्योतिबा आणि खंडोबाला लाल रेघ आहे, अंबाबाईचा टाक अख्खा चांदीचा दिसतोय. तरी तिघांनाही रिठाच. मुखवटा, करंडा आणि निरांजन रविवारी फॉइलमध्ये घालते, फोटो टाकते.