संघ हरतोय, दोष कोणाचा? पोरांचा की कोचचा?

केळीपट्टा (रावेर)

राम राम मंडळी. आमच्या गावच्या कबड्डी संघाने या हंगामात तीन स्पर्धा खेळल्या. तिन्ही ठिकाणी पहिल्याच फेरीत बाहेर. रविवारी मंडळाची बैठक आहे आणि 'कोच बदला' असा अर्ज गावात फिरतोय. माझ्याकडेही सहीला आला होता, अजून केलेली नाही. मी नऊ वर्षं याच मंडळाकडून उजवा कोपरा खेळलो. आता केळीच्या गाड्यांचं बघतो, त्यामुळे मैदानावर जाणं होत नाही.

शेवटचा सामना मात्र रेषेला लागून बसून पाहिला. दोन गुणांनी आम्ही पुढे, दोन-अडीच मिनिटं बाकी, समोरच्या संघाच्या ओळीने दोन चढाया रिकाम्या गेलेल्या, ही तिसरी. गुण नेला नाही तर तोच बाद. आमचे पाच जण आत, बोनसला समोर निदान सहा लागतात, म्हणजे त्याचीही भीती नाही. नुसते तीस सेकंद काढायचे होते. पण डाव्या कोपऱ्याच्या पोराने दहा सेकंदांतच घोट्याला सूर मारला. शेजारच्याचा हात सुटला, साखळी तिथेच तुटली. चढाईवाला वरून उडी मारून दोघांना बाद करून गेला. पुढच्या चढाईत आमचा गडी पकडला आणि सामना गेला. सर बाहेरून "थांब, थांब" ओरडत होते. मला ऐकू आलं, मग पोराला आलं नसेल का? यात सरांचा काय दोष?

पण मग इंग्लंडच्या फुटबॉल लीगमधली चेल्सी आठवते. डिसेंबर २०१५ मध्ये कोच मोरिन्योला काढलं तेव्हा संघ सोळावा होता, शेवटी दहावा आला. पुढच्या हंगामात काँते हा नवा कोच आला. आर्सेनलकडून ३-० मार खाल्ल्यावर त्याने मागे तीन बचावपटूंची रचना केली आणि ओळीने तेरा सामने जिंकले. ९३ गुणांनी लीग खिशात. बरेचसे खेळाडू तेच होते! तुमचं काय मत? खरंच सही करू की नको, कळत नाही.

धुळेकर आप्पा

कोच जबाबदार, भाऊ. सामन्यात ओरडून काय उपयोग? थांबायचं कसं ते सरावात अंगात मुरवावं लागतं. २००७ च्या विश्वचषकात चॅपेलच्या हाताखाली आपण बांगलादेश आणि श्रीलंकेकडून हरून पहिल्या फेरीत परत आलो. २०११ ला कर्स्टन होता, कप आला. सचिन, सेहवाग, युवराज, झहीर, धोनी दोन्हीकडे होतेच ना?

भुसावळ जंक्शन

केळीपट्टा भो, चेल्सीची अर्धीच गोष्ट सांगितलीस. त्याच उन्हाळ्यात त्याच लीगमधल्या लेस्टर संघातून एनगोलो कांते हा खेळाडू चेल्सीत आला. आधीच्या हंगामात लेस्टर ८१ गुणांनी विजेता होता. कांते गेला आणि लेस्टर बाराव्या नंबरवर घसरलं. विजेतेपदाला वर्षही झालं नव्हतं, फेब्रुवारी २०१७ मध्ये त्यांचा मॅनेजर रानिएरीला काढलं. ज्याने त्यांना कप दिला त्यालाच! सगळे मॅनेजरकडे बोट दाखवत होते, आणि मधल्या फळीत चेंडू हिसकावणारा माणूस दुसऱ्याच संघात पळत होता.

रानिएरी गेल्यावर पहिल्याच सामन्यात त्याच पोरांनी लिव्हरपूलला ३-१ ने हरवलं, हेही खरं. त्याचा मला आजही राग आहे. तेच पाय आठवडाभर आधी का हलले नाहीत?

माझा प्रश्न एवढाच, तुमच्या संघातून गेल्या वर्षात कोण गेलं?

तापीकाठ (शहादा)

दादा, मी क्रीडाशिक्षिका आहे, खो-खो शिकवते. बैठकीत सरांची हजेरीवही मागा. पहिले सातही जण एकत्र किती संध्याकाळी मैदानावर होते ते मोजा. आमच्याकडे कापूस वेचणीच्या दिवसांत निम्म्या मुली येत नाहीत. साखळी दोघींनी रोज धरली तरच टिकते, एकीने एकटीने शिकून नाही. सही त्यानंतर करा.

केळीपट्टा (रावेर)

जंक्शन भो, तुझा प्रश्न वाचून रात्री झोप लागली नाही. आमचा डावा कोपरा दिवाळीनंतर सुरतला गेला, कापडाच्या मिलमध्ये लागला. सहा वर्षं ती जागा त्याची होती. परवा सूर मारला तो पोरगा मुळात चढाईवाला. त्याचे पाय पुढेच धावतात, त्याला थांबायची सवय कुठून असणार?

ताई, वही पाहिली. सरांनी दाखवली, एक शब्दही न बोलता. सातही जण एकत्र आले ते चार महिन्यांत पाच दिवस. आताचा डावा कोपरा आणि त्याचा शेजारी, दोघं एकत्र अकरा दिवस. त्या पानांवर सरांची हजेरी मात्र एकही दिवस चुकलेली नाही.

आप्पा, तुमचं सरावाचं म्हणणं पटतं, पण मैदानात पोरंच नसतील तर सर मुरवणार कोणात? अर्ज सहीविना परत दिला. सुरतवाला आखाजीला घरी येतोय, आठवडाभर राहणार आहे. तोवर त्या पोराला कोपऱ्यात उभं राहायला मीच शिकवतो. काल साडेसहाला गेलो होतो. वीस वेळा चढाई घेतली, तीनदा तो पूर्ण तीस सेकंद थांबला.