मोरचुदाचे मोल काढताना उत्तर चुकतंय

प्रश्न: १२.५ ग्रॅम मोरचुदात किती मोल (कण मोजायचं एकक) आणि किती रेणू? मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, त्याचं मोलर वस्तुमान (एका मोलचे ग्रॅम) १५९.६ धरलं, तर ०.०७८३ मोल येतात. पुस्तकात ०.०५ दिलंय. छपाईची चूक का?

उत्तर १: पुस्तक बरोबर आहे. निळा खडा म्हणजे पाच रेणू स्फटिकजल (स्फटिकात बांधलेलं पाणी) असलेलं कॉपर सल्फेट. तांबं ६३.५५, गंधक ३२.०६, ऑक्सिजन चार गुणिले १६, मिळून १५९.६. त्यात पाण्याचे ५ × १८.०२ = ९०.१ मिळवा: २४९.७. आता १२.५ ÷ २४९.७ = ०.०५०१ मोल. याला ॲव्होगॅड्रो अंकाने, म्हणजे ६.०२२ × १० चा २३वा घात याने गुणा, ३.०१ × १० चा २२वा घात येतो. पाण्याचे रेणू याच्या पाचपट.

उत्तर २: एक दुरुस्ती. हे आयनिक (विद्युतभारित कणांचं) संयुग, म्हणून मोरचुदासाठी ‘रेणू’ नव्हे, सूत्र-एकक (सूत्रात दिसतो तेवढा कणांचा गट) म्हणा. आणि ऑक्सिजनचे अणू विचारले तर गुणक ९. सल्फेटचे ४, पाण्याचे ५. बहुतेकजण इथेच ४ लिहून गुण घालवतात.

उत्तर ३: द्रावण करतानाही हीच गफलत होते. ५०० मिली ०.१ मोलर (लिटरला ०.१ मोल) द्रावणाला १२.४८ ग्रॅम निळे खडे लागतात. १५९.६ धरून ७.९८ ग्रॅमच घातले तर द्रावण ०.०६४ मोलरचंच होतं. बाटलीत खड्यांवर पांढुरकी भुकटी दिसली तर पाणी उडालेलं असतं, मग २४९.७ धरूनही तांबं जास्त जातं.

प्रश्नकर्ता: लेबलवर ‘पेंटाहायड्रेट’ (पाच रेणू पाणी असलेलं) होतं, वाचलंच नव्हतं!