डीईआय ऑफिस बंद झालं. टीएने काय करावं?

प्रयोगवही:
टेक्ससमधल्या एका सरकारी विद्यापीठात पीएचडी करतेय, शिवाय पहिल्या वर्षाच्या केमिस्ट्रीची टीए (टीचिंग असिस्टंट) आहे. १ जानेवारी २०२४ पासून सरकारी विद्यापीठांत डीईआय (विविधता, समता आणि समावेशन) ऑफिसं ठेवायला बंदी घालणारा टेक्ससचा एसबी १७ कायदा लागू झाला आणि आमचं ऑफिस गेलं. माझ्या सेक्शनमधली कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलं पहिल्या मिडटर्मनंतर एकेक करून कोर्स सोडतात. मुलं हुशार आहेत हो! टायट्रेशनमध्ये ब्युरेटचं सगळ्यात नेटकं रीडिंग त्यांच्यातल्याच एका मुलीचं असतं, आणि परवा तीच मेजर (पदवीचा मुख्य विषय) कसं बदलायचं ते विचारत होती. मला हे नुसतं बघवत नाही. काही केलं तर कायद्यात अडकेन का? आणि करायचं तर काय?

नियमपोथी:
शिकवणं, संशोधन आणि विद्यार्थ्यांच्या संघटना यांना एसबी १७ मध्ये सूट आहे. एखाद्या वंशापुरता कार्यक्रम काढू नका, सगळ्यांना येऊ द्या. विभागप्रमुखांना आधी मेल टाकून ठेवा.

कॅल्क्युलस_कट्टा:
ताई, मी गणित शिकवतो, म्हणून सविस्तर लिहितो. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात यूरी ट्राइझमन यांना हाच प्रश्न पडला होता. कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय मुलं इतकी मागे का पडतात? लोकांची उत्तरं तयारच होती: तळमळ नाही, पाया कच्चा, घरून पाठबळ नाही. त्यांनी मुलांचा अभ्यास महिनोनमहिने जवळून बघितला आणि यातलं एकही कारण टिकलं नाही. चिनी वंशाची मुलं एकत्र बसून एकमेकांची गणितं तपासत होती. कृष्णवर्णीय मुलं सांगितले तेवढे तास इमानेइतबारे अभ्यास करत होती, पण एकेकटी. कुठे अडलं तर ते विचारायला शेजारी कुणी नसायचं.

मग त्यांनी वर्कशॉप सुरू केलं. कच्च्या मुलांचा जादा तास नव्हे! उलट नेहमीपेक्षा अवघड गणितं, गटाने सोडवायची. निकाल पालटले. तुम्हीही ‘मदत वर्ग’ असं नाव अजिबात देऊ नका, त्या नावानेच मुलं पळतात. वेळही दुपारची नको, बरीच मुलं तेव्हा कामावर असतात.

उंबरठा:
पटतं, पण हे अर्धंच झालं. अभ्यासगटाने प्रवेशाचं दार रुंद होत नाही. प्रवेश देताना वंश विचारात घ्यायला सुप्रीम कोर्टाने २०२३मध्ये बंदी घातली, त्यानंतर अमेरिकेतल्या एमआयटीच्या २०२४च्या नव्या बॅचमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थी ५ टक्क्यांवर आले, आधीच्या वर्षांत ते सरासरी १३ टक्के असायचे. आणि आत आलेल्या मुलीला लॅब पार्टनर म्हणाला, ‘तुला प्रवेश कसा मिळाला ते माहितीय’, तर तिने कुणाकडे जायचं? ऐकून घेणारं माणूस त्या ऑफिसबरोबरच गेलं.

नियमपोथी:
तक्रारीचा हक्क गेलेला नाही. १९६४च्या नागरी हक्क कायद्यातलं टायटल सिक्स (केंद्र सरकारचा निधी घेणाऱ्या संस्थांना वंशावरून भेदभाव करायला बंदी) अजून लागू आहे. पण उंबरठा म्हणतात ते खरं आहे. घाबरलेल्या मुलीला आधी फॉर्म नको असतो, माणूस हवं असतं.

प्रयोगवही:
सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी संध्याकाळसाठी लायब्ररीतली खोली मागितलीय. तक्रार कुठे करायची ते लॅबच्या दारावर लावते, खाली माझा नंबरही देते. स्टॉइकिओमेट्रीचे खरोखर डोकं खाणारे प्रश्न कुणाकडे असतील तर शनिवारपर्यंत पाठवा.